पट्टा

गॉर्सच बाईंच्या दुकानात दोनच गल्ले,
दारालगतचा माझा.
बाहेर वायोमिंगचा वारा, ट्रॉल्या ढकलत नेणारा,
आत कॉफीचं मशीन,
आणि दर बुधवारी, कूपनांच्या दिवशी,
ऑर्विल टॅकेट आणि लॉर्ना प्रुइट यांचं भांडण.

ऑर्विलचं पिस्तूल कमरेला, उघडं.
म्हणतो, इथला सापसुद्धा शेपूट वाजवतो आधी.
मी निदान सांगून फिरतो.
ज्याला भ्यायचंय त्याने वेळेवर भ्यावं,
दुधाच्या फ्रीजपासून वळून जावं.

लॉर्नाचं पर्समध्ये.
कुठल्या कप्प्यात, हे तिच्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं,
आणि आता तर तो नाहीच.
म्हणते, झाकली मूठ सव्वा लाखाची.
तुझं बघून माझी नात कॉर्नफ्लेक्समागे लपली.
माझं बघून लपलंय कोणी आजवर?
ऑर्विल म्हणतो, तेच तर.
लपायची संधी तरी दे की लोकांना.

मी दोघांनाही सुटे पैसे देते.
माझं मत कुणी विचारत नाही.
विचारलं तर सांगेन,
अंडी महागलीत.

बाईंनी दोन स्टिकर मागवलेत.
एकावर, उघडं नको.
दुसऱ्यावर, कुठलंच नको.
दोन्ही माझ्या ड्रॉवरमध्ये, रबरबँडांखाली,
मागचा कागद न सोललेले.
पहिला लावला तर ऑर्विल जाईल,
आणि त्याच्यासोबत शिकारीच्या मोसमातला सगळा बर्फ, सगळी बिअर.
दुसरा लावला तर दोघंही,
चाळीस मैलांवरच्या मोठ्या दुकानात, एकाच गाडीतून कदाचित.
आणि काहीच लावला नाही म्हणून
शाळेच्या नव्या बाई गेल्याच आहेत मागच्या महिन्यात,
अर्धी ट्रॉली तशीच सोडून,
आइस्क्रीम विरघळत.

त्या बुधवारी लॉर्ना कूपन शोधत होती.
ट्यूना, दोन डब्यांवर एक फुकट.
सापडेना, तशी पर्स उलटी केली तिने पट्ट्यावर.
खोकल्याच्या गोळ्या, नेलकटर, चर्चचं पत्रक,
आणि ते.
चष्म्याच्या डबीएवढं. राखाडी.

पट्ट्याला एक डोळा असतो.
वस्तू समोर आली की थांबतो,
उचलली की चालू लागतो.
मी नेमका ट्यूनाचा डबा उचलला होता.
पट्टा निघाला.
पाव, अंडी, पिस्तूल,
शिस्तीत, एकामागे एक,
नळी माझ्या पोटाच्या रोखाने.
आणि अठरा वर्षांची सवय अशी
की माझा हात बारकोड शोधायला पुढे झाला.

पिशव्या भरणारा ज्युडसन, सोळाचा पोरगा,
कागदी पिशवीचं तोंड उघडून उभा.

मला वाटलं, ऑर्विल आता हसेल.
पण त्याचा हात गेला होता त्याच्या पट्ट्यावर,
आपोआप, ओळखीचं माणूस न ओळखता,
आणि ते बघून लॉर्नाने दोन्ही हात वर केले.
सत्तरीची बाई.
एका हातात कूपन.

कॉफीचं मशीन गुरगुरलं, गप्प झालं.

मग सगळं परत पर्समध्ये गेलं, गोळ्या, पत्रक, गोळ्या.
कूपनाची मुदत रविवारीच संपली होती.
मी दिली सूट.
ऑर्विलने तिच्या पिशव्या गाडीपर्यंत नेल्या,
काही न बोलता,
कमरेचं तिच्या कोपराला लागू नये म्हणून
जरा वाकडा चालत.

तेव्हापासून दार वाजलं की
माझी नजर आधी कमरेवर जाते,
मग शर्टाच्या फुगवट्यावर,
मग पर्सच्या बंदावर.
चेहरा सगळ्यात शेवटी, राहिला वेळ तर.
काल एकाचा फुगवटा न्याहाळत बसले,
तो निघाला इन्सुलिनचा पंप.
चॉकलेटचा कागद त्याने गल्ल्यावरच फाडला,
घाम पुसत म्हणाला, पैसे देतो हं, देतो.

कुठला लावू गं, बाई विचारतात.
मी ड्रॉवर उघडते,
एक रबरबँड घेते,
ड्रॉवर लावते.
पुढचं गिऱ्हाईक कलिंगड ठेवतं.
पट्टा निघतो.