वाटाणा गल्लीतली मोजणी

आमच्या वस्तीचं नावच सूपनगर.
रस्त्यांना भाज्यांची नावं : बटाटा रस्ता, घेवडा रस्ता.
मी राहते वाटाणा गल्लीत,
आणि वाटाणा काही माझ्या हाताला येत नाही.
चाळीस वर्षं झाली. दर वर्षी भुरी पडते.
तरी पहिली ओळ त्याचीच आखते,
पत्त्याला जागावं म्हणून.

तार्तूत फेब्रुवारी संपत आला.
परवाच्या सणाचे झेंडे अजून दारांवर,
निळे-काळे-पांढरे, गोठून ताठ.
खिडकीत मिरचीची रोपं दोन-दोन पानांवर,
अंड्यांच्या खोक्यात बटाटे डोळे उघडून बसलेत,
आणि मेजावर आलेखवही, एका चौकोनाला अर्धा मीटर.
नोकरीतली सवय.
भूमापन कार्यालयात सदतीस वर्षं
मी लोकांच्या जमिनींच्या कडा काळ्या शाईत ओढल्या.
सामूहिक शेतं जोडून मोठी केली तेव्हाही मीच,
मोडून ज्याची त्याला परत दिली तेव्हाही मीच.
हद्दीपलीकडे कधी टाक गेला नाही.

कोबी यंदा नदीकडच्या खालच्या वाफ्यात नको.
एमायोगीचं पाणी एप्रिलमध्ये तळघराच्या तिसऱ्या पायरीपर्यंत येतं,
गेल्या वर्षी चौथ्या.
गाजर कोबीच्या जागी, कांदा गाजराच्या शेजारी,
शेपू कुठेही, तो काही विचारून उगवत नाही.
बीट, मुळा, थोडा लीक.
उरतो टोमॅटो.

टोमॅटोला ऊन हवं, आणि सकाळचं ऊन
दोन वर्षांपूर्वी पूर्वेच्या त्या नव्या घरानं खाल्लं.
तीन मजले, काळं लाकूड, मजल्यागणिक एक भलीथोरली काच.
टपालपेटीवर नाव आहे : क्यूनापू.
एक बाई, एक बाप्या, एक सायकलवाली मुलगी.
मी अजून त्यांना नमस्कार घातलेला नाही.
अकरा वाजेपर्यंत माझं परडं त्यांच्या सावलीत असतं,
हे त्यांना सांगणार कोण?

म्हणून काल सावली मोजायला बाहेर पडले.
गुडघाभर बर्फ, काखेत रास्पबेरीच्या वाळक्या काटक्या,
तासातासाला सावलीच्या टोकाशी एक काटकी.
तीन वाजता थबकले.
जिथे काहीच असायला नको होतं तिथे
बर्फावर उन्हाच्या तीन चौकटी,
एकीमागे एक, तिरप्या, ओल्या कडांच्या.
त्या घराच्या काचांनी पश्चिमेचं ऊन परत केलं होतं.
हात धरून पाहिला. ऊबसुद्धा होती थोडी,
उसनी नेलेली साखर परत यावी, वाटी पुरती न भरता, तशी.

रात्री कोनमापक काढला.
बर्फावरचं ऊन जूनमध्ये त्याच जागी नसतं, एवढं मला कळतं.
सूर्य चढेल तशा चौकटी मागे सरकतील, कुंपणाकडे.
हिशेब तीनदा केला. उत्तर तेच.
जूनच्या विसाव्या तारखेला, दुपारी चारला,
वरच्या मजल्याची चौकट माझी,
मधली बरोब्बर कुंपणावर,
खालची सगळीच्या सगळी त्यांच्या गवतात,
जिथे ते काही लावत नाहीत.
दोन खुर्च्या आणि एक मिटलेली छत्री.

आज सकाळी ती मुलगी कुंपणाला नाक लावून उभी.
"काय पुरलंय तिथे?"
"तुमच्या घराचं ऊन."
तिनं काटक्या मोजल्या. मग म्हणाली,
"आई म्हणते, तुम्ही आमच्यावर रागावलाय."
मी म्हटलं, "रोपं वीस आहेत. माझ्याकडे सातच मावतात."
हे काही उत्तर नव्हतं.
पण ती मान हलवून घरात गेली,
उत्तर मिळाल्यासारखी.

आता वही पुढ्यात आहे.
कुंपणाची रेघ शाईत, जुन्या शिस्तीत.
तिच्या अलीकडे सात गोल,
पलीकडे तेरा.
पंचाहत्तराव्या वर्षी बांध कोरायला बसले आहे.
पेन्सिलनं.
खोडरबर हाताशी ठेवलंय.
मिरच्यांना पाणी घालते,
बूट चढवते,
आणि बघते, त्यांचं दार
कुठल्या बाजूला उघडतं ते.