सहावं दार

कडेपासून बावीस मिलिमीटर.
हेल्दुर तीनदा मोजतो, पेन्सिल कानावर खोचतो,
आणि मग मलाच विचारतो : बावीसच ना?

तार्तूत दुपारी साडेतीनलाच अंधारलंय.
जेवणाच्या टेबलावर दार पालथं,
मी व्हॅक्यूमची नळी धरून
भुशाचे घास भरवतेय यंत्राला.

ड्रिलच्या पात्याला निळी चिकटपट्टी :
इथवरच, पुढे नाही.
बिजागरीची वाटी बसेल एवढा खळगा,
तेरा मिलिमीटर. दार सोळाचं.
उरलेल्या तिनावर सगळी अब्रू.

पाच दारं जमली.
सहाव्याला तो बोलत होता
भावाबद्दल, न विचारता विकलेल्या बोटीबद्दल,
पट्टी कधी वर सरकली
दोघांनाही कळलं नाही.

दार उलटलं. पांढऱ्या रंगातून
मोहरीएवढं भोक.

चाळीस वर्षं बस चालवली यानं,
एक ओरखडा नाही.
आता खुर्चीत बसून बाहीवरचा भुसा झटकतोय,
नसलेला.

हे सिंकखाली लावू, मी म्हटलं,
तिथे कोण वाकून बघतंय?

तोच वाकतो.
कचऱ्याची पिशवी बदलायची
एवढी घाई त्याला कधी नव्हती.
भावाचं नाव त्या दिवसापासून काढलेलं नाही.
दार उघडताना
अंगठा मात्र बरोबर तिथेच ठेवतो.