पन्नास तासांच्या आत

आदेश दिल्लीहून आला, पावणेदोन पानांचा.
त्यात धुळ्याचं नाव नाही, गोंदूरच्या धावपट्टीचं नाही.
फक्त: पंखाच्या मुळाशी, पुढच्या जोडाचा कान,
भाग क्रमांक अमुक ते तमुक,
तडा आहे का पाहावे. असल्यास बदलावा.
पन्नास उड्डाणतासांच्या आत.

आमच्या पाचही विमानांना तो कान आहे.
दोन नंबरचे पन्नासातले एकोणचाळीस उडून झालेले.
कॅप्टन म्हणाले, भोळे, अकरा तास आहेत की अजून,
यामिनी फेगडेचं उद्या पहिलं एकटीचं उड्डाण,
ते झालं की घ्या.

तसं नियमात बसतं.

मे महिना. दुपारी पत्र्यावर हात टेकत नाही,
आणि रंगाच्या डब्यावर लिहिलंय, धातू इतका तापलेला नको.
म्हणून पहाटे साडेतीनला, हँगरात,
सुपडूनाना टॉर्च धरून, मी पंखाखाली उताणा.
आधी साफ. मग लाल रंग.
मग वीस मिनिटं नुसतं बसायचं.

नानांनी चहा ओतला, विचारलं,
"त्या कागदम्हा काय लिखेल शे?"
मी वाचून दाखवलं. परिच्छेद चौथा:
'प्राप्त झालेल्या एका अहवालानुसार.'
एवढंच. कुठला देश, आत कोण होतं,
खाली शेत होतं की पाणी, काही नाही.
"म्हंजे कोनीतरी पडनं," नाना म्हणाले.

मग बराच वेळ गेला, आणि त्यांनी सांगितलं,
त्यांच्या आधीचे दोन भाऊ पाळण्यातच गेले.
हे झाले तेव्हा आईनं सुपात घालून घरभर ओढलं,
नाव ठेवलं सुपडू.
त्या दोघांची नावं आता कोणालाच सांगता येत नाहीत.

पुसलं. पांढरी भुकटी फवारली.
डावा कान पांढराच राहिला.
उजव्यात, छिद्राच्या कडेला,
केसाएवढी लाल रेघ वर आली,
बाभळीचा काटा उपटल्यावर
आधी काहीच दिसत नाही ना, तशी.
परत पुसलं. परत रंग, परत वीस मिनिटं.
ओरखडा आहे असं म्हणायला मला फार आवडलं असतं.
तीच रेघ. तिथेच.

यामिनी सहाला आली, वेणी घट्ट घातलेली.
पंखाला बांधलेली लाल फीत बघून गप्प राहिली.
मग म्हणाली, सर, परवा मी यातच होते.
पंचेचाळीस अंशांत वळवलं होतं, दोनदा.
मी तिला ती रेघ दाखवणार नव्हतो.
दाखवली.

नवा कान यायला सोळा दिवस लागले.
जुना नानांना हवा होता, कूलरच्या मोटरीखाली टेकू म्हणून.
एवढा चांगला धातू!
पण मोडीत काढलेला भाग
पुन्हा कोणाला लावता येणार नाही असा करावा,
हेही लिहिलेलंच असतं.
पकडीत आवळला, करवत लावली.
निम्मा होईपर्यंत नाना बघत राहिले,
मग म्हणाले, आना इकडे,
आणि उरलेला त्यांनीच कापला.