बिनपेरी

शिरपती नेजदारांच्या उसात
टोमॅटोची रोपं उगवली होती.
कुणी पेरली नव्हती.
सरीत, दर दोन हातांवर एक,
अंगावर बारीक लव,
बोटांना लागणारा तोच उग्र वास.

मी मातीचा नमुना घ्यायला गेले होते.
फावडं, घमेलं, कापडी पिशव्या,
शेतातून नागमोडी चालत
वीतभर खोल, इंग्रजी व्हीसारखे खड्डे.
"म्याडम, ही तांबाटी कुठनं आली वो?"
मी म्हटलं, "शहरातनं."

उन्हाळ्यात चार ट्रॉल्या आल्या होत्या
बावड्याकडच्या सांडपाणी केंद्रातून:
वाळवलेला गाळ, काळा, ठिसूळ,
हातात घेतला तर शिळ्या वडीसारखा तुटणारा.
फुकट. फक्त डिझेलचे पैसे.
वास? म्हटला तर नाही.
वळीव झाला त्या रात्री थोडा आला
आणि शेजारच्या बांधावरून शिवी आली.

टोमॅटोचं बी पोटात विरघळत नाही.
रविवारी पेठेत मटणाबरोबर चिरलेलं,
राजारामपुरीत डब्यातल्या चटणीत वाटणातून निसटलेलं,
ते खाली जातं, नाल्यातून वाहतं,
टाकीत त्याला हवा मारतात, निवळतात, दाबतात, पसरतात,
आणि ते
उसाच्या सावलीत दोन पानं काढून बसतं.

नेजदार हसले.
मग हसायचे थांबले.
"बी जित्तं ऱ्हातंय,
मग आणि काय काय जित्तं ऱ्हात असंल?"

एवढा नेमका प्रश्न
आमच्या कार्यालयात आजवर कुणी विचारला नव्हता.
ढीग आतून नीट तापला असता
तर बी मेलं असतं.
बी मेलं असतं तर जंतांची अंडीही बहुतेक मेली असती.
म्हणजे ही रोपं
ढिगानं स्वतःच दिलेला जबाब.

ऊस आहे, मी म्हटलं, काहिलीत उकळतो,
गुळात जंत पोचत नाहीत.
बोलता बोलता मान वळली.
बांधाच्या कडेला, त्याच काळ्या मातीवर
त्यांची सून कोथमिरीच्या पेंड्या बांधत होती.
कपिलतीर्थाच्या बाजारात जाणाऱ्या.
धुऊन, बारीक चिरून, कच्च्या
कुणाच्या तरी मिसळीवर पडणाऱ्या.
कदाचित माझ्या.

अहवाल आला.
सेंद्रिय कर्ब वाढलेला. स्फुरद भरपूर.
जस्त जरा वर. शिसं, कॅडमियम मर्यादेत.
मर्यादेत म्हणजे या वर्षी.
उद्यमनगरच्या मुलाम्याचं पाणी,
दुकानामागं धुतलेल्या भांड्याचं ॲसिड
चिमूटभर येतं, पण आलं की जात नाही.
माती हिशेब वहीत लिहीत नाही, अंगावर ठेवते.

आणि गोळ्या?
माझी रक्तदाबाची, सकाळची अर्धी,
शेजारच्या काकूंची साखरेची,
तापात पोरांनी चार दिवस घेऊन सोडलेली ती कडू.
त्यांना रकाना नाही.
विचारलं तर साहेब म्हणाले, छापील फॉर्म आहे.

मी पंपावर मोटार सुरू होऊन
हिरव्या दांड्यात पाणी येईपर्यंत तिथंच उभी राहिले
आणि मला अचानक लाज वाटली,
कारण त्या ट्रॉलीत मीही होते,
कडी लावून, साखळी ओढून, विसरून गेलेली.

नेजदारांनी रोपं उपटली नाहीत.
मोजली. एकेचाळीस.
सुनेला म्हणाले, "त्या पेंड्या र्‍हाऊ दे गं."
ती म्हणाली, "दोनशे रुपये हाईत मामंजी."
दोघंही माझ्याकडं बघायला लागले.

फॉर्मच्या तळाशी 'शेरा' असा एक रकाना असतो.
तिथं आम्ही बहुधा आडवी रेघ मारतो.
मी लिहिलं:
टोमॅटोची एकेचाळीस रोपं उगवली आहेत.
भाजीपाला घेऊ नये. ढीग पुन्हा तापवावा.
दोनशे रुपयांचं काय, ते लिहायला
जागा उरली नाही.