निशाणी सत्तावीस

दर दहावी फाईल बिनफीची,
असं थोरल्या देवणीकरांनी ठरवलं
तेव्हा मी टाइपरायटरवर होतो.
आता कॉम्प्युटर आहे, थोरले नाहीत,
त्यांच्या खुर्चीत वसुधाबाई बसतात
आणि दहावी फाईल
कधी तिसरीच निघते, कधी सहावी.
मोजताना बाई चुकतात.
मी इस्माईल, टायपिस्ट,
हिशेबात एरवी पै सोडत नाही.

सोजरबाई घोडके आली ती सातवी होती.
चप्पल जिन्याखाली काढून
अनवाणी वर आली, टायरच्या दुकानावरच्या आमच्या ऑफिसात.
नवरा मारोती, बोअरच्या गाडीवर हेल्पर.
बिदर रोडच्या एका रानात
दोनशे ऐंशी फुटांवर पाणी लागलं
आणि त्याच दुपारी पाइप निसटला.
गाडीमालक म्हणाला, कोण मारोती?
आमच्या हजेरीत हे नावच नाही.

"फी किती?" तिनं पदराची गाठ धरून विचारलं.
"नाही," बाई म्हणाल्या.
"नाही म्हंजी, नंतर?"
"नाही म्हणजे नाही."
तिचा विश्वास बसला नाही.
आणि खरं सांगायचं तर मोफत ह्या शब्दात
लातूरच्या एसटीचं तिकीट बसत नाही,
बुडालेला रोज बसत नाही.
एकोणीस तारखा.
तिकिटं मी ऑफिस खर्चात लावली, 'चहापाणी' लिहून.
बिरादारसाहेबांनी एकदा वही उलटली.
"इस्माईल, लईच चहा पितोस रे,"
म्हणाले, आणि सही केली.

पुरावा तीन महिने सापडला नाही.
मग सापडला तो नाक्यावर,
वीरभद्रप्पाच्या हॉटेलात, भज्यांच्या कढईमागे,
तेलानं आरपार दिसू लागलेली उधारीची वही:

मारोती बोअर, कट दोन.
मारोती बोअर, भजे, कट एक.
मारोती बोअर, कट चार, गाडीवाल्यांसकट.

अकरा महिने, तारीखवार.
शेवटची नोंद त्या दिवशीच्या सकाळची.
एकूण येणे सहाशे बारा.

समोरच्या वकिलानं विचारलं, कशावरून ही वही खरी?
वीरभद्रप्पा कठड्याला धरून म्हणाला,
"मेलेल्याची उधारी कुणी खोटी लिहितं का साहेब?
वसूल कुणाकडून करणार?"
कोर्टात पंख्याचा आवाज तेवढा राहिला.
वहीवर लाल शाईनं आकडा पडला:
निशाणी २७.

पैसे खात्यावर आले त्या दिवशी
सोजरबाई आधी नाक्यावर गेली.
सहाशे बारा मोजून काउंटरवर ठेवले.
"वही तर कोर्टात," वीरभद्रप्पा म्हणाला,
"नाव खोडू कशात?"

मग ती इकडं आली.
ह्या वेळी फीचं विचारलं नाही.
माझ्या टेबलाशी उभी राहून म्हणाली,
"इस्माईलभाऊ, त्या वहीला तुम्ही निशाणी म्हणता नव्हं?
मग ती मला मिळंल का?
फोटो नाही त्यांचा. लग्नातबी काढला नव्हता."

कोर्टाच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ वेगळा,
हे मला तीस वर्षांपासून माहीत आहे.
मी सांगितलं नाही.

अपिलाची मुदत सरली की अर्ज करता येतो,
बाई म्हणाल्या. वही वीरभद्रप्पाची आहे,
पण तो ना म्हणायचा नाही.
मी नवं पान उघडलं.
विषय: मूळ दस्तऐवज परत मिळणेबाबत.
रजिस्टरात नोंद केली, फीचा रकाना कोरा सोडला.
बाई तिथं शून्य लिहू देत नाहीत,
शून्य हिशेब मिटल्यावर लिहायचं, म्हणतात.

अनुक्रमांक पाहिला. चौथी फाईल.

"दहावी ना रे?" बाईंनी आतून विचारलं.
"दहावी," मी म्हणालो.