पत्ता

निवडणूक कचेरीच्या तळघरात
माझं काम एवढंच:
पाकिटावरची सही नि नोंदीतली सही
शेजारी शेजारी ठेवून बघायची.
पाकीट फोडायचं नाही. ते पलीकडच्या टेबलाचं.

यंदा प्रस्ताव ‘के’:
एकवीस कोटी डॉलरचे कर्जरोखे, परवडणाऱ्या घरांसाठी,
फेड तीस वर्षांत,
घरपट्टी लाखामागे एकोणीस डॉलरनं जास्त.

वेंडेल तिबोदो स्वतः आला मत टाकायला.
टपालावर विश्वास नाही त्याचा.
खिशातून चष्म्याचं घर काढलं,
त्यातून चष्मा,
काउंटरवरच एकोणीसचा गुणाकार केला.
म्हणाला, पोरगा बॉइसीला गेला राहायला,
इथलं भाडं झेपेना.
मग बराच वेळ पेटीच्या फटीसमोर उभा.
काय केलं असेल त्यानं, देव जाणे.

रोसाल्वा किंतेरोचं पाकीट दुपारी आलं.
छप्पर नसलेल्यांना आमच्या अर्जात एक चौकट असते:
कुठे झोपता ते काढून दाखवा.
तिनं आल्डर रस्ता काढलाय, कॅनरी गल्ली काढलीय,
कोपऱ्यात भलंमोठं निलगिरीचं झाड
आणि त्याखाली व्हॅन, काडेपेटीएवढी.
तिला चाकं काढलीत. चारही. एकाच बाजूला.

तिच्या नावातला शेवटचा ओ
नोंदीत कधीच बंद होत नाही.
या खेपेला झालाय. घट्ट, कागद फाटेल असा.
नियमपुस्तक म्हणतं, सही बदलते
वयानं, आजारानं, घाईनं.
मी ‘घाई’वर खूण केली
आणि पाकीट पुढे सरकवलं.

शंभरात सहासष्टांनी हो म्हटलं.
पुरत नाही.
तिघांत दोघं हवेत, असा कायदा,
म्हणजे सहासष्ट
आणि वर दोन तृतीयांश माणूस.
त्या अर्ध्यामुर्ध्या माणसाला शोधत
आम्ही अकरापर्यंत बसलो,
गार पिझ्झा खात,
बाजूला काढलेली पाकिटं पुन्हा पुन्हा चाळत.
नाही सापडला.
बहुमत हरलं, असं साहेबीण म्हणाली,
आणि लगेच, हे बाहेर बोलू नका.

घरी जाताना आल्डरवरून गाडी घेतली.
एरवी मी तिकडून जात नाही.
कोपऱ्यावर तेलाचा डाग,
ओल्या पानांचा वास,
आणि नगरपालिकेची पिवळी पाटी, कालचीच असावी.
व्हॅन कुठे गेली ते पाटीवर नव्हतं.

झाड आहे.
नकाशातल्यापेक्षा बरंच लहान.