वळण

सीताबर्डीच्या गल्लीत निमज्यांच्या दुकानात
सहा केबलींचा जुडगा मिळतो, सहा रंगांचा,
प्रत्येक बरोबर एक फूट.
"सगळे हेच नेतात," ते म्हणाले,
मीही नेला.

माझी पेडलं चार.
ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह, कोरस, डिले.
पाट संत्र्याच्या पेटीच्या फळ्यांचा,
उन्हात राहिला की अजून आंबूस वास सोडणारा.
त्याच्यावर तीनच केबली लावल्या
तर पाय ठेवायला जागा उरेना.
कोरस दाबावा तर लाल वेटोळं अंगठ्यात.
प्लगची डोकी अशी जाड
की दोन पेडलं शेजारी बसायलाच तयार नाहीत,
भांडण झालेल्या जावांसारखी तोंडं फिरवून.
आणि घुरघुर.
कूलरच्या वर ऐकू येणारी घुरघुर.

बाबा दारात आले.
टेलिफोन खात्यात लाइनमन होते ते,
काटोल, नरखेड, पार मोवाडपर्यंत
खांबामागून खांब.
माझ्या गिटारला ते "ते" म्हणतात.
"ते झालं का आज?" एवढंच विचारतात रोज.
आज पाटाकडे बघत उभे राहिले.

"एवढी तार कायले?"

मी म्हटलं, आखूड मिळतच नाही.

"लांब तार कोणीही टाकते.
आखूड टाकाले डोकं लागते."

मग शिवणाच्या डब्यातून पांढरा दोरा आणला,
गुडघे धरत खाली बसले.
मी दोन भोकांमधलं अंतर पट्टीवर वाचून सांगितलं,
साडेतीन सेंटीमीटर.
"अंतर नाई मोजाचं, पोरी. वळण मोजाचं."
दोरा एका भोकातून बाहेर आला,
वळला, जरा सैल पडला,
दुसऱ्यात शिरला.
तिथे त्यांनी नखाने खूण केली.
नऊ. अकरा.
ओव्हरड्राइव्हची भोकं मागच्या बाजूला, तिथे साडेसतरा.
"ताणून बसवली तर भोकातून निघते,
पहिल्याच हिवाळ्यात."
घरातल्या घरात कसला हिवाळा, मी विचारलं नाही.

पुन्हा निमजे. दोन मीटर जाळीची केबल, सहा चपटे प्लग.
रात्री सोल्डरिंगला बसलो.
वाऱ्याने टोक थंड होतं म्हणून
कूलर बाबांनीच बंद केला,
मे महिन्यात, शेहेचाळीस होतं त्या दिवशी.
माझ्या नाकावरचा घाम इस्त्रीसारखा चर्र वाजला टोकावर.
त्यांचा हात आता थरथरतो,
म्हणून डाग मी देत होते, तार ते धरत होते.
जाळीचे केस सोडवून बोटांनी पिळले त्यांनी,
आईची सकाळची ड्यूटी असली की
माझी वेणी घालायचे तसे,
घट्ट आणि थोडे वाकडे.

मध्येच म्हणाले,
"खांबावर कान लावला की दुसऱ्याचं बोलणं ऐकू ये.
नरखेडची एक बाई रडे.
समोरून कोणी बोलेच ना.
मले वाटलं लाइन खराब आहे.
तपासली, तं लाइन चांगलीच होती."
मग?
"मंग काय. उतरलो."

तिसरी केबल अर्धा सेंटीमीटर कमी पडली.
डाग सोडवला, नवीन तुकडा कापला,
दोऱ्यावरची खूण पुन्हा पाहिली.
चूक दोऱ्याची नव्हती.

साडेअकराला अ‍ॅम्प लावला.
दिवा लागला.
बाबा वाकून, डावा कान स्पीकरजवळ नेऊन.

"चालू आहे का?"
आहे.
"काहीच तं येऊन नाही राहिलं."
तेच पाहिजे होतं, बाबा.

ते तसेच वाकलेले राहिले थोडा वेळ,
त्या काहीच-नाहीत.
बनियन पाठीला चिकटलेली.
मी कूलर लावायला उठले,
तर हाताने थांबवलं.

"राहू दे," म्हणाले,
"वाजव आधी."